मिठाच्या पाण्यातला डबा

मागच्या मे महिन्यात रेश्मा माझ्या पडवीत बसून मला एक प्रश्न विचारून गेली. मी उत्तर दिलं नाही. चहा टाकते म्हणून आत गेले आणि लायटर हातात असताना लायटर शोधत राहिले.

रेश्मा म्हणजे आमच्या शेजारच्या पार्वतीची मुलगी. आता पन्नाशीला आली. नांदगावजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. आठ वर्षांची होती तेव्हापासून तिला मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज बाहेरून टोचावं लागतं. चाळीस वर्षं ती टोचून घेते आहे. त्यातली पहिली काही वर्षं तिचं औषध माझ्या ताब्यात होतं, कारण मी बर्फाच्या कारखान्यात कामाला होते आणि आमच्या बंदरावर थंड म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती.

त्या दिवशी समोर किनाऱ्यावर रापण ओढत होते. मी रेश्माला सहज विचारलं, "बाये, इतकी वर्षां टोचून घेतंस, ता औषध आत जाऊन करता तरी काय?"

ती मास्तरीण. विचारायचीच खोटी. म्हणाली, "ती रापण बघ काकी. तसाच."

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारून परत येते. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर, दोन्ही दोरांना माणसांच्या दोन रांगा. तांडेलाची, म्हणजे म्होरक्याची, हाक आली की दोन्ही रांगा एकदम ओढतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. एकाच रांगेने ओढून रापण येत नाही.

रेश्माने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपलं अंग पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीच्या सालीवर इन्सुलिनची वाट बघणारे बसलेले असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. हा रिसेप्टर एकटा नसतो. दोन भाग एकमेकांना बांधलेले असतात, जुळ्या भावांसारखे. त्यांची डोकी सालीच्या बाहेर, पाय सालीच्या आत. इन्सुलिन येऊन डोक्याशी बसलं की दोघांची ठेवण बदलते आणि आतले पाय जवळ येतात. जवळ आले की हा त्याला ढोसतो आणि तो ह्याला. स्वतःला ढोसून जागं होता येत नाही, दुसऱ्यानेच ढोसावं लागतं. दोघे जागे झाले की आत निरोप जातो आणि साखर आत घ्यायची दारं उघडतात. दुसऱ्या काही संप्रेरकांचे रिसेप्टर म्हणे सालीवर एकेकटे भटकत असतात आणि निरोप आला की जोडीदार गाठतात. इन्सुलिनचे मात्र आधीपासूनच जोडीने.

"आणि तांडेल इलोच नाय तर?" मी विचारलं.

"तर दोनय रांगो दोर धरून उभे. साखर भायर रक्तात, आणि पेशी आत उपाशी."

"आणि इलो, पण गोठून वाकडो झालेलो इलो तर?"

रेश्मा समुद्राकडे बघत होती ती माझ्याकडे बघू लागली. "गोठून?" असं म्हणाली. मग म्हणाली, "काकी, एक इचारू? मिया लहान असताना मराक टेकलंय, त्या वर्षी सुई रोज घेतलेली. मगे काय झाला होता? आंबो तर मिया खाऊक नाय."

आंबा खाल्ला नव्हता, मग मरायला का टेकले? हाच तो प्रश्न. मी लायटर शोधायला गेले ती या प्रश्नामुळे.

दिवाळी अंकाच्या लोकांनी मला कारखान्यातल्या कामाबद्दल लिहायला सांगितलं आहे. गमतीजमती लिहा म्हणाले. मी चौथी शिकलेली बाई, मला गमतीजमती लिहिता येतील की नाही ठाऊक नाही. पण काम लिहिता येईल. आणि त्या कामात मी जे केलं तेही लिहिणार आहे.

लोकांना वाटतं बर्फ गारव्याने होतो. बर्फ मिठाने होतो. आमच्याकडे जमिनीत बांधलेली सिमेंटची लांब टाकी होती. तिच्यात मीठ घालून घालून समुद्रापेक्षा खारट केलेलं पाणी. त्या पाण्यातून लोखंडी नळ्या गेलेल्या, नळ्यांत अमोनिया. अमोनिया पाण्यातली ऊब ओढून घेतो. साधं पाणी असतं तर दगड झालं असतं, पण खारं पाणी लवकर गोठत नाही. ते नुसतं गार होत जातं, बर्फापेक्षाही गार. त्यात गोड्या पाण्याने भरलेले लोखंडी डबे सोडायचे. दुसऱ्या दिवशी डब्यात लादी तयार. डबा साध्या पाण्यात बुडवला की लादी सुटते. ती ओढून घ्यायची, भुशात रचायची, मासळीच्या पेट्या आल्या की फोडून भरायची. हे माझं काम. वाचणाऱ्याने टाकीतलं खारं पाणी तेवढं लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं सगळी मासळीची नव्हती. एकदा देवळाजवळच्या एका घरातले गुरुजी लग्नाच्या सरबतासाठी लादी न्यायला आले. लांब उभे राहून म्हणाले, "बाई, ही लादी मासळीला लागलेली नाही ना?"

"नाय गुरुजी, नवी आसा."

"तरी एकदा धुऊन द्या."

मी धुतली. ते म्हणाले, "अजून एकदा." मी आणखी धुतली. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी सांगितलं, "गुरुजी, अजून धुतलंय तर सोवळा तेवढा ऱ्हवात, बर्फ ऱ्हवाचो नाय." गुरुजी हसले आणि उरली तेवढी घेऊन गेले.

दुसरं गिऱ्हाइक म्हणजे मेलेली माणसं. मुलगा मुंबईहून यायचा असला की एसटी पोहोचेपर्यंत बाप ठेवायचा. मी जाऊन लाद्या लावून द्यायची. एका खलाशाला लावत होते तेव्हा त्याच्या भावाने मला हळूच विचारलं, "काकी, तेका थंडी लागत नाय मा?" मी म्हटलं नाही. मग तो रडला. मला मेलेल्या माणसांची भीती कधी वाटली नाही.

भीती होती ती अमोनियाची. तो दिसत नाही. नळीच्या सांध्यातून सुटला की आधी नाकात सुई गेल्यासारखं होतं, मग डोळे, मग गळा आवळतो. आमच्यात एक शिस्त होती. दाराशी पाण्याची बादली आणि फडकी कायम. वास आला की ओलं फडकं तोंडावर आणि खाली वाकून बाहेर. मागे काय राहिलं ते बघायचं नाही.

आमचा जिल्हा नवीन झाला त्या सुमाराची, चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रेश्मा वाळत चालली होती, सारखं पाणी प्यायची आणि सारखी लघवीला पळायची. पार्वतीने आधी अंगारे केले, मग तालुक्याच्या इस्पितळात नेली. तिथे सोलापूरकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आजार ओळखला आणि बाटल्या लिहून दिल्या. पार्वतीचा नवरा गोव्याच्या ट्रॉलरवर, महिन्यातून एकदा घरी येणार. गावात फ्रिज दोन, आणि वीज दिवसातून चारदा जायची. म्हणून पार्वती मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. म्हणाली, ही बर्फात काम करते, ही ठेवील.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "मावशी, बाटली थंड ठेवायची. पण गोठू द्यायची नाही. बर्फाला टेकू द्यायची नाही. लक्षात राहील?"

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, ही सोलापूरची, हिने बर्फ पाहिला असेल सरबतात. मला बर्फ शिकवते.

हे मी जसं मनात आलं तसं लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

एक वर्षभर मी चोख काम केलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत भुसा, भुशात फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या, आणि डबा लाद्यांच्या खोलीत दाराजवळच्या फळीवर. रोज सकाळी शाळेआधी पार्वती रेश्माला घेऊन यायची. काचेची पिचकारी आणि सुई घरून उकळून आणलेली. पार्वती औषध ओढायची, मी पोरीचा दंड धरायची. ते औषध दुधासारखं पांढुरकं. बाटली हातात फिरवली की सगळीकडे सारखं होतं.

"काकी, हळू धर," रेश्मा म्हणायची. "सुई दुखना नाय, तुझो हात दुखता."

"लादी धरणारो हात आसा तो. दुखतलोच."

पार्वती एकटीने टोचू शकत नव्हती, धरायचं आणि टोचायचं दोन्ही तिला जमत नसे. मी एकटीने टोचू शकत नव्हते, मला पिचकारीवरचे इंग्रजी आकडे कळत नव्हते. दोघी मिळून जमायचं.

मग तो मे महिना आला. दुपारी जेवणं उरकली होती. मी भुसा चाळत होते. कॉम्प्रेसरच्या बाजूने फट्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ वास. कोणीतरी ओरडलं, "सुटलो, सुटलो! भायर पळा!" मी फडकं भिजवलं, तोंडाला लावलं आणि वाकून बाहेर आले. सगळे आले. कारखान्याचे शेठ अंगणात उभे राहून माणसं मोजत होते.

आणि मला डबा आठवला. नवीन तीन बाटल्या चारच दिवसांपूर्वी आणलेल्या. दुकानात पुन्हा कधी येतील सांगता येत नव्हतं. उन्हाने पत्रे तापले होते, लाद्यांच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं.

मी परत आत गेले.

शेठ मागून शिव्या देत होते. मी डोळे मिटून भिंतीला हात लावत गेले, वाट पाठ होती. फळीपर्यंत पोहोचले तेव्हा श्वास संपला होता. एक घेतला तो निखारा गिळल्यासारखा आत गेला. डबा छातीशी धरला आणि बाहेर येऊन अंगणात पडले. डोक्यावर पाणी ओतलं गेलं. पुढे आठ दिवस आवाज बसलेला, जेमतेम कुजबुजण्याएवढा. पार्वती आली, डबा उघडून बाटल्या धड आहेत बघितल्या आणि माझ्या पायांना हात लावायला वाकली. मी पाय ओढून घेतले, पण मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत वास गेला, गळणारा सांधा बंद केला. पण कॉम्प्रेसर बंद. कारागीर कोल्हापूरहून येणार, आठ दिवस लागणार. उरल्या लाद्या शेठने त्याच दिवशी मासळीवाल्यांना विकून टाकल्या. आता डबा कुठे ठेवायचा?

मी टाकीचं झाकण उचलून खाऱ्या पाण्यात बोट घातलं आणि लगेच काढलं. हाड दुखलं. कॉम्प्रेसर बंद पडला तरी ते पाणी दोन-तीन दिवस तसंच जहाल राहतं, हे मला माहीत होतं. शेठला माहीत नसेल इतकं मला माहीत होतं. सुरमई अर्धवट गार ठेवली की मऊ पडते आणि कडक गोठवली की मुंबईपर्यंत ताजी राहते, हेही माहीत होतं. मग औषध का नाही राहणार? मी डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीला बांधला आणि टाकीत सोडला. दोरी खुंटीला बांधली. सकाळी वर काढला तेव्हा तिन्ही बाटल्या खडे झाल्या होत्या. मला वाटलं, झाली सोय.

पार्वती आली तेव्हा मी एक बाटली कमरेला लावून वितळवून ठेवली होती. हातात फिरवली. दूध झालं नाही. पांढरे दाणे काचेला चिकटून राहिले, नासलेल्या दुधासारखे. मी आणखी जोरात हलवली. पार्वती म्हणाली, "वैनी, असा कित्याक दिसता?"

"गारठ्यान. अंगात गेला की इरघाळतला."

माझ्यावर तिचा विश्वास होता. तिने ओढलं, मी दंड धरला, तिने टोचलं.

पहिल्या दिवशी पोर घागरभर पाणी प्यायली. उन्हाळा आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी ओकली. पोटात दुखतं म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उचलून आणावी लागली. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मी दंड धरला तेव्हा तोंड तिच्या तोंडाजवळ गेलं आणि मला वास आला. पिकलेल्या आंब्याचा. अढीत आंबा जास्त पिकतो तेव्हा येतो तसा गोड, जरा आंबूस.

मे महिना. घराघरात गवताखाली आंबे. पोरीला आंबा वर्ज्य होता.

"पार्वती, वास घे हिच्या तोंडाचो," मी म्हटलं.

पार्वतीने घेतला. मग तिने रेश्माच्या पाठीत धपाटा घातला. "आंबो खाल्लस! तुका सांगललंय मा? मराचा आसा तुका?"

"मिया आंबो खाऊक नाय," रेश्मा म्हणाली.

"खोटा बोला नको," मी म्हटलं. "तोंडाक वास येता तुझ्या."

"नाय गो काकी. देवाशप्पत. खाऊक नाय."

"देवाची शपथ खोटी घेतंस?" मी तिचा दंड दाबला. दुखेल इतका दाबला. नऊ वर्षांची पोर, उभी राहता येत नव्हती, आणि मला तिच्या खोटेपणाचा राग आला होता. त्याच हाताने धरून मी तिला पुन्हा ते दाणेदार पाणी टोचू दिलं.

दुपारी तिचा श्वास बदलला. तो आवाज मी अजून ऐकते. खोल, जोरात, एकामागून एक, जशी ती कुठेतरी धावते आहे आणि आपण बघतोय ती मात्र चटईवर पडलेली. हाक मारली तर डोळे उघडायची नाही. शेठचा मासळीचा टेम्पो उभा होता. त्यात रिकाम्या पेट्यांवर गोणपाट टाकून तिला निजवली आणि आम्ही दोघी शेजारी बसलो. तालुक्याला जायला दीड तास, सगळी वळणं. प्रत्येक वळणावर मी तिच्या छातीवर हात ठेवून बघायची. पार्वती सबंध रस्ता एकच बोलत होती, "कित्याक खाल्लस गो, बाये, कित्याक खाल्लस?" मला दाणे दिसायला लागले होते. काचेला चिकटलेले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडाशी वाकून वास घेतला आणि ओरडून नर्सला बोलावलं.

"आंबो खाल्लान तिना," पार्वती म्हणाली.

"हा आंब्याचा वास नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर असून शरीराला ती मिळत नाही, म्हणून ते स्वतःची चरबी जाळतंय. त्याचा वास आहे हा. इंजेक्शन किती दिवस चुकलं?"

"एकय दीस चुकाक नाय!"

त्यांनी पोरीची लघवी काचेच्या नळीत निळ्या पाण्यात टाकून तापवली. निळं पाणी हिरवं, पिवळं होत विटेसारखं लाल झालं. मग त्यांनी बाटली मागितली. मी कमरेची काढून दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली, आडवी केली, उभी केली. दाणे तसेच.

"मावशी, ही गोठवली होती का?"

मी हो म्हटलं. माझा आवाज अमोनियाने गेलेलाच होता, तो त्यांना ऐकू गेला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, "होय. मिठाच्या पाण्यात. मीच." पार्वती माझ्याकडे बघत होती. 

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागवायला त्यांना वेळ नव्हता. त्या म्हणाल्या, "या औषधाचा आकार मोडला की ते पेशीवर बसत नाही. तीन दिवस तुम्ही हिला पाणी टोचलंत." मग त्यांनी आपल्या फ्रिजमधलं इन्सुलिन दिलं आणि सलाईन लावलं. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी. बाटलीतून थेंब थेंब पोरीच्या हातात जात होतं आणि मी ते मोजत भिंतीशी उभी होते. डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं, "अंधार पडायच्या आत श्वास सुधारला तर बरं."

रेश्माने रापणीचं सांगितलं ते मागच्या मे महिन्यात. पण मला आता ती दुपार आठवली की तेच दिसतं. त्या एवढ्याशा अंगात हजारो किनारे, प्रत्येक किनाऱ्यावर दोन दोन रांगा, हातात दोर घेऊन उभ्या. ओढायला तयार. मासे पाण्यात मरत आहेत, घरात पोरं उपाशी आहेत, आणि हाक येत नाही. हाक मी गोठवून टाकलेली.

ऊन कौलांवरून उतरलं तेव्हा तिचा श्वास हळू झाला. आधी मला वाटलं थांबला. मी पार्वतीचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला नाही. मग डॉक्टरीणबाई आल्या, नाडी बघितली आणि स्टुलावर बसल्या. त्या बसल्या तेव्हा मला कळलं की पोरगी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माने डोळे उघडले. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. घसा सुकलेला होता. म्हणाली, "काकी, मिया आंबो खाऊक नाय."

मी म्हटलं, "गप पड."

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. तेव्हा नाही सांगितलं आणि मग पार्वतीने मला इस्पितळाच्या ओट्यावर नेलं. मला वाटलं आता ही मला चार माणसांत फाडणार. माझी तयारी होती. ती म्हणाली, "आयक. शेटाक कळला तर तो डबो भायर फेकतलो. तुकाय काढून टाकतलो. मगे माझ्या चेडवाची औषधा मी खंय ठेवू? चुलीत?"

"मगे?"

"लोक इचारतले. आंबो खाल्लान म्हणान सांगूया. पोरगी ती. दोन दीस हसतले नि इसारतले."

मी मान हलवली. माझी नोकरी वाचत होती, अब्रू वाचत होती, अमोनियात शिरून पोरीचं औषध आणणारी बाई म्हणून गावात नाव झालं होतं तेही राहत होतं. मी नाही कशाला म्हणू?

कारखाना सुरू झाल्यावर पार्वती नवीन बाटल्या घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "ठेव," म्हणाली. "कशी ठेवची नाय ता गावात आता तुझ्याएवढा कोणाक म्हायत नाय." यात क्षमा होती की टोमणा, मी विचारलं नाही. रेश्मा पनवेलला शिकायला जाईपर्यंत मी त्या बाटल्या सांभाळल्या. रोज सकाळी उजेडात धरून बघायची. एकही दाणा पुन्हा दिसला नाही. तरी हातात फिरवून दुसऱ्यांदा बघायची.

लोक विसरले नाहीत. आमच्याकडे आंब्याची गोष्ट विसरत नाहीत. "रेश्मान आंबो चोरून खाल्लो नि टेम्पोतून इस्पितळात गेली," हे लग्नामुंजीत, सत्यनारायणाला, कोणीही सांगायचं आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसले आहे. ती दहा-बारा वर्षांची होईपर्यंत "मिया खाऊक नाय" म्हणून भांडायची. मग भांडायची थांबली. लग्न होऊन गेली तर सासरी ही गोष्ट तिच्या आधी पोहोचली होती. सासू मे महिन्यात आंब्याच्या खोलीला कुलूप घालायची आणि किल्ली कमरेला. रेश्मानेच हे मला हसत सांगितलं होतं. तेव्हाही मी सांगू शकले असते. पार्वती जिवंत होती, तिला दिलेला शब्द होता, असं मी स्वतःला सांगितलं.

पार्वतीला जाऊन दोन वर्षं झाली. आता शब्द नाही.

म्हणून इथे लिहिते, कारण ती गोष्ट चार माणसांत सांगितली गेली आणि ही दोन माणसांत सांगून भागणार नाही. रेश्मा, तू आंबा खाल्ला नव्हतास. तू त्या दिवशी खरं सांगत होतीस आणि शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तेच सांगितलंस. तुझ्या तोंडाला आला तो वास मी आणला होता. मला गोठवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही, कारण मला बर्फ कळतो असं मला वाटत होतं. आणि नंतर तुझी आई आणि मी, दोघींनी मिळून तुला खोटं पाडलं. एकटीने मला ते जमलं नसतं.

हा अंक तुमच्या शाळेत येतो हे मला ठाऊक आहे. तू सुट्टीत वाचशील. आमच्या फाटकाची कडी गंजली आहे, कोणी आलं की लांबूनच कळतं. आत अमोनियात शिरले तेव्हा मला भीती वाटायला वेळच मिळाला नव्हता. आता मी रोज पडवीत बसते आणि त्या कडीकडे कान लावते. वाजली तर काय, आणि नाही वाजली तर काय, दोन्हींची भीती सारखीच आहे.